सहा लाखांत दोघांचं बिझनेस क्लास: कोल्हापूर ते न्यू जर्सी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. आई ६८ वर्षांच्या, बाबा ७३ चे. भाऊ न्यू जर्सीत. मे महिन्यात दोघांना पाठवायचं आणि सप्टेंबरात परत आणायचं. आईंचा उजवा गुडघा बदलून दीड वर्ष झालं, डावाही कुरकुरतो, म्हणून बिझनेस क्लास हवा. दोघांसाठी मिळून सहा लाख बाजूला काढलेत आणि वेबसाइट नऊ लाखांचा आकडा दाखवते. एक मित्र म्हणतो, कोलंबोहून तिकीट काढा. दुसऱ्या कुणीतरी निम्म्या दरात देतो म्हणून निरोप पाठवलाय. यातलं काय खरं आणि काय करावं?

मी २२ वर्षं कोल्हापुरात विमान तिकिटांचं काम करते. आपल्याकडच्या आई-वडिलांना अमेरिकेला पाठवणं हा या कामातला सगळ्यात मोठा भाग आहे. त्यामुळं जरा सविस्तर लिहिते.

पहिली गोष्ट गुडघ्याची. असं कुणी आलं की मी त्यांना टेबलासमोरच्या खुर्चीत बसवते आणि इकडचं तिकडचं बोलत राहते. घड्याळाकडं माझं लक्ष असतं. काही जणी अर्धा तास आरामात बसतात. काही जणी दहाव्या मिनिटाला पाय लांब करायला जागा शोधतात आणि उठताना दोन्ही हात खुर्चीच्या दांड्यावर टेकतात. या दुसऱ्या बायकांना १४ तास इकॉनॉमीत बसवणं मला पटत नाही, मुलांनी कितीही काटकसर सांगितली तरी. तुमच्या आई कुठल्या गटात आहेत ते घरीच बघा. त्यांना पाय सरळ ठेवून झोपता आलं पाहिजे, रात्री शौचाला जाताना कुणाला ओलांडून जायला लागू नये, मधल्या विमानतळावर कमीत कमी चालायला लागावं आणि एक विमान उशिरा आलं तर पुढची जबाबदारी विमान कंपनीची असावी. बिझनेस क्लासचे पैसे या चार गोष्टींसाठी मोजायचे. जेवण, लाउंज, नक्षीदार पिशवीतला साबण हे सगळं वरचं. एखादं तिकीट स्वस्त असेल पण या चारांतली एखादी गोष्ट घालवत असेल, तर ते तुमच्यासाठी स्वस्त नाही.

बरंच काही तुमच्या हातात किती लवचीकपणा आहे त्यावर ठरतं. तारखा आठ-दहा दिवस मागं-पुढं होतात का, भावाकडं अमेरिकेतली क्रेडिट कार्डं आहेत का, दोन्ही बाजूंना बिझनेस हवंच का, या तीन उत्तरांवर नऊ लाखांचे सहा होतात किंवा होत नाहीत. मे महिन्याचा दुसरा आठवडा, शनिवारची रात्र आणि जाताना-येताना दोन्ही बाजूंना पलंग (म्हणजे आडवी होणारी बिझनेसची खुर्ची) यातलं काहीच हलणार नसेल, तर सहा लाखांची आशा सोडा, हे आत्ताच सांगते.

आता भाडं बनतं कसं ते समजून घ्या. विमानात बिझनेसच्या खुर्च्या सगळ्या सारख्या, पण विकताना त्या चार-पाच खणांत वाटलेल्या असतात. प्रत्येक खणाला इंग्रजी अक्षर असतं. बऱ्याच कंपन्यांत जे म्हणजे सगळ्यात महाग, मग सी, डी, आणि खाली आय, झेड, पी असे सवलतीचे खण. कुठल्या अक्षराला काय अर्थ हे कंपनीगणिक बदलतं, पण रचना हीच. खालचा खण संपला की संगणक वरच्या खणातून भाव दाखवतो. तुम्ही दोन प्रवासी टाकून शोधलंत आणि खालच्या खणात एकच जागा शिल्लक असेल, तर बहुतेक ठिकाणी दोघांनाही वरच्या खणाचा भाव लागतो. पडद्यावर याची काहीच सूचना येत नाही.

मागं एका जोडप्याचं असंच झालं. दोघांसाठी शोधलं तर माणशी ३,१२,००० दाखवत होतं. मी प्रवाशांची संख्या एक केली, तर २,७४,०००. म्हणजे खालच्या खणात एक जागा होती. काकांचं तिकीट त्या भावात काढलं, काकूंचं वरच्या भावात, आणि दोन्ही पीएनआर, म्हणजे बुकिंगचे क्रमांक, एकमेकांशी जोडून घेतले. ३८,००० वाचले. तुम्ही घरी बसूनही हे करू शकता: नेहमी आधी एकासाठी शोधा, मग दोघांसाठी. फरक पडला तर वेगवेगळं बुकिंग करा आणि लगेच विमान कंपनीला फोन करून सांगा की हे पती-पत्नी आहेत, दोन्ही बुकिंग जोडा. हे सांगितलं नाही तर विमान बदलल्यावर एकाला एका दिवशी आणि दुसऱ्याला दुसऱ्या दिवशी टाकलं जाण्याची भीती असते.

तारखांबद्दल. आपल्याकडची मंडळी जोतिबाची चैत्र यात्रा झाली की निघायचं म्हणतात आणि नवरात्राला अंबाबाईच्या दारात हजर असायला हवं म्हणतात. हा हट्ट तिकिटाच्या दृष्टीनं वाईट नाही. मेच्या पहिल्या आठवड्यापासून शाळांच्या सुट्ट्यांची गर्दी सुरू होते आणि जून संपेपर्यंत भाव चढे राहतात. एप्रिलमध्ये निघता आलं तर बघा. परतीला सप्टेंबर चांगला, कारण अमेरिकेतल्या शाळा तोवर सुरू झालेल्या असतात आणि भारतात येणारी कुटुंबं येऊन गेलेली असतात. बऱ्याच भाड्यांत मंगळवार-बुधवार आणि शुक्रवार-शनिवार यांचा भाव वेगळा असतो, तेव्हा आठवड्याच्या मधले दिवस पकडा. गूगल फ्लाइट्सवर वर्ग बिझनेस निवडून महिन्याचं कॅलेंडर उघडलं की हे सगळं एका नजरेत दिसतं, आणि भाव उतरला की कळवायची सोयही आहे. तीन-चार महिने आधी ती लावून ठेवा. एक अट मात्र नीट वाचा: स्वस्त भाड्यांना जास्तीत जास्त मुक्कामाची मर्यादा असते. कुठं सहा महिने, कुठं बारा, कुठं त्याहूनही कमी. तुमचे पाच महिने बसतात का ते बघूनच पैसे भरा.

कुठून निघायचं हा तुमच्या मित्राचा मुद्दा. त्याचं म्हणणं चुकीचं नाही. भाडं अंतरावर ठरत नाही, ते त्या शहरातल्या बाजारावर ठरतं. कोलंबो, काठमांडू अशा ठिकाणांहून सुरू होणारं बिझनेस तिकीट कित्येकदा मुंबईपेक्षा बरंच कमी असतं. शिवाय भारतातून सुरू होणाऱ्या तिकिटावर आपला जीएसटी आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून इकॉनॉमी सोडून वरच्या सगळ्या वर्गांवर तो १२ टक्क्यांवरून १८ टक्के झाला, इकॉनॉमीवर ५ टक्केच राहिला. अडीच लाखांच्या भाड्यावर १८ टक्के म्हणजे ४५,००० होतात. कोलंबोहून सुरू होणाऱ्या तिकिटावर ते लागत नाहीत.

पण तुमच्या आई-बाबांना मी कोलंबोला पाठवणार नाही. हिशेब मांडून बघा. आधी कोल्हापूर ते मुंबई, मग मुंबई ते कोलंबो वेगळं तिकीट, श्रीलंकेची ऑनलाइन परवानगी, एक रात्र हॉटेल, सामान एकदा काढून पुन्हा भरणं, आणि येतानाही हाच सगळा फेरा उलटा. दोन तिकिटं वेगळी असली की पहिलं विमान उशिरा आल्याचं दुसऱ्या कंपनीला देणंघेणं नसतं. माझ्याकडं एका घरातल्या मुलानं स्वतःच अशी दोन तिकिटं काढली होती. पहिलं विमान चार तास उशिरा सुटलं, पुढच्या विमानाला प्रवासी आले नाहीत अशी नोंद झाली, आणि परतीचाही प्रवास त्यासोबत रद्द झाला. त्या म्हाताऱ्या जोडप्यानं परक्या देशात विमानतळाच्या बाकावर रात्र काढली. मुलाचा फोन आला तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती, आणि माझ्या हातात करण्यासारखं फार थोडं होतं. तिशीतला मुलगा पाठीवर एक सॅक टाकून कोलंबोहून गेला तर मी त्याला अडवणार नाही. गुडघा बदललेल्या बाईंना नाही.

आणखी एक शंका नेहमी येते: कोलंबोहून दिल्लीमार्गे तिकीट काढून दिल्लीतूनच बसलं तर? चालत नाही. पहिला टप्पा उडवला की पुढचे सगळे टप्पे आपोआप रद्द होतात.

भारतातल्या भारतात मात्र शहरं बदलून जरूर बघा. मुंबई, हैदराबाद, बंगळूर तिन्हीकडून त्याच कंपनीचा त्याच दिवशीचा भाव वेगळा असू शकतो. आपल्या उजळाईवाडी विमानतळावरून या शहरांना विमानं असतात, त्यामुळं कोल्हापूरकराला हैदराबाद काही परकं नाही. पण तेही तिकीट वेगळं असेल तर आदल्या दिवशी पोचून मुक्काम करा. फरक माणशी वीस-पंचवीस हजारांच्या आत असेल तर मुंबईच बरी.

जीएसटीवरून आठवलं. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या कारखानदार मंडळींनी व्यवसायाच्या कामासाठी प्रवास असेल तर तिकिटावर कंपनीचा जीएसटी क्रमांक घालूनच घ्यावा, त्या १८ टक्क्यांचं क्रेडिट मिळू शकतं. आई-बाबांच्या तिकिटाला ते लागू नाही. तसंच, नुसतं विमानाचं तिकीट म्हणजे परदेशी सहलीचं पॅकेज नव्हे, त्यामुळं त्यावर टीसीएस, म्हणजे विकणाऱ्यानं आगाऊ घ्यायचा प्राप्तिकर, कापायचा नसतो. कुणी कापतो म्हणाला तर कारण विचारा.

आता ज्यानं तुमचा आकडा खरोखर खाली येईल ते सांगते. एका बाजूला बिझनेस आणि दुसऱ्या बाजूला प्रीमियम इकॉनॉमी, म्हणजे इकॉनॉमी आणि बिझनेसच्या मधला वर्ग, घ्या. बऱ्याच कंपन्या एकाच रिटर्न तिकिटात दोन बाजूंना दोन वर्ग देतात आणि दोन्हीकडचं निम्मं-निम्मं भाडं जोडतात. दोन वेगवेगळी वन-वे काढायला जाऊ नका, वन-वे बिझनेस बहुधा रिटर्नच्या निम्म्यापेक्षा बरंच महाग पडतं.

मग पलंग कुठल्या बाजूला घ्यायचा? बहुतेक जण म्हणतात येताना, कारण अमेरिकेहून निघणारं विमान रात्रीचं असतं. कोल्हापूरच्या माणसासाठी मी जाताना म्हणते. आपला प्रवास मुंबईत सुरू होत नाही. सकाळी दहा-अकराला घरातून निघायचं, आठ-नऊ तास गाडीत बसायचं, विमानतळावर पाच-सहा तास, आणि विमान सुटतं मध्यरात्रीनंतर. म्हणजे आई विमानात पाय ठेवतील तेव्हाच त्यांचा गुडघा दिवसभर दुमडून सुजलेला असेल. त्यापुढं १६-१७ तास. येताना उलट आहे. विमानातून उतरल्यावर घाई नसते, मुंबईत किंवा पुण्यात नातेवाइकांकडं दोन दिवस थांबता येतं. प्रीमियम इकॉनॉमीत पाय पूर्ण सरळ होत नाही, पण खुर्ची रुंद असते, पुढं जागा जास्त असते आणि पायाला टेकण असतं. अर्थात तुमच्या आईंची ती दहा मिनिटांची परीक्षा अगदीच वाईट आली, तर दोन्हीकडं बिझनेसच घ्या आणि पैसे दुसरीकडून वाचवा.

आईंना बिझनेस आणि बाबांना मागं, असं काही घरं करतात. पहिल्याच परदेश प्रवासात मी तसं सुचवत नाही. बाबांना त्या भागात येऊन आईंजवळ बसू देतील याची खात्री नसते.

इकॉनॉमीचं तिकीट काढून नंतर रिकाम्या राहिलेल्या बिझनेसच्या जागेसाठी विमान कंपनीकडं बोली लावून वर जायचं, हा मार्ग तरुणांसाठी. बोली लागली की नाही हे अगदी शेवटी कळतं, आणि सगळ्यात स्वस्त इकॉनॉमी तिकिटांना बोली लावताच येत नाही असंही असतं. मात्र येताना प्रीमियम इकॉनॉमीचं तिकीट असेल तर बोली जरूर लावा. लागली तर आनंद, नाही लागली तरी निभावेल.

खुर्चीबद्दल थोडं थांबून लिहिते, कारण इथं लोक फसतात. बिझनेस क्लास हा शब्द एकच, पण आतली मांडणी वेगवेगळी. काही विमानांत एका ओळीत एक-दोन-एक अशा खुर्च्या असतात, प्रत्येकाला थेट वाटेवर उतरता येतं. काहींत अजून दोन-तीन-दोन अशी जुनी मांडणी आहे. एमिरेट्सच्या ए-३८० मध्ये एक-दोन-एक आहे, पण त्यांच्याच जुन्या मांडणीच्या ७७७ मध्ये दोन-तीन-दोन. टर्किशच्या ७७७ मध्ये दोन-तीन-दोन, ए-३५० मध्ये एक-दोन-एक. एअर इंडियाच्या ए-३५० मध्येही एक-दोन-एक. दोन-तीन-दोनमध्ये आईंना खिडकी मिळाली आणि शेजारचा माणूस खुर्ची आडवी करून झोपला, तर रात्री त्याचे पाय ओलांडून जावं लागेल. नव्या गुडघ्यानं ते करून बघायची वेळ येऊ नये. म्हणून तिकीट काढताना विमानाचा प्रकार बघा, एरोलोपासारख्या साइटवर त्याचा नकाशा उघडा, आणि एक-दोन-एक असेल तर मधल्या दोन खुर्च्या दोघांना घ्या. दोघं शेजारी राहतात आणि दोघांनाही स्वतःची वाट मिळते. स्वयंपाकघराला आणि शौचालयाला चिकटलेली ओळ नको, रात्रभर उजेड आणि आवाज असतो. विमान आयत्या वेळी बदलू शकतं, तेव्हा निघायच्या आठवड्यात पुन्हा एकदा नकाशा तपासा.

मार्गाचं म्हणाल तर थेट विमान म्हणजे मुंबई ते न्यूयॉर्क परिसर साधारण १६ तास. चालणं कमी, चुकायची भीती नाही, पण भाव बहुधा वरचा. एअर इंडियानं परदेशी मार्गांवरही ६० वर्षांवरच्यांना सवलत ठेवली आहे, ती लावून भाव काढा. आखाती मार्गानं गेलात तर आधी तीन-साडेतीन तास आणि मग १४ तास. यात अबू धाबीचा एक फायदा ज्येष्ठांसाठी मला फार मोलाचा वाटतो. तिथं अमेरिकेची इमिग्रेशन तपासणी अबू धाबीच्या विमानतळावरच होते. पुढं न्यूयॉर्कला उतरलं की देशांतर्गत प्रवाशासारखं थेट सामान घेऊन बाहेर. १४ तास उडून थकल्यावर लांब रांगेत उभं राहून अधिकाऱ्याच्या प्रश्नांना इंग्रजीत उत्तरं देण्यापेक्षा ते आधी उरकलेलं बरं. मात्र तिथं सुरक्षा तपासणी पुन्हा होते, म्हणून दोन विमानांत तीन तासांपेक्षा कमी अंतर ठेवू नका. युरोपमार्गे जायचं तर एकाच तिकिटावर असावं. अमेरिकेचा वैध व्हिसा असेल तर साधारणपणे विमानतळावरच्या विमानतळावर बदलायला वेगळा ट्रान्झिट व्हिसा लागत नाही. तिकिटं वेगळी असली आणि सामान घ्यायला बाहेर पडावं लागलं, तर युरोपचा पूर्ण व्हिसा लागतो.

जाता जाता, लंडनला जाणाऱ्यांसाठी: ब्रिटनमधून सुटणाऱ्या लांबच्या विमानांवर तिथला प्रवासी कर आहे आणि वरच्या वर्गांना तो माणशी दोनशे पौंडांहून जास्त पडतो. त्यांनी येतानाचा वर्ग ठरवताना तो धरून हिशेब करावा.

आता भावाकडं वळू. त्याचा तुम्ही प्रश्नात एका ओळीत उल्लेख केलाय, पण सगळ्यात मोठी बचत त्याच्या हातात असू शकते. आपल्याकडच्या एचडीएफसी, ॲक्सिस, अमेरिकन एक्सप्रेसच्या काही कार्डांचे पॉइंट्स विमान कंपन्यांच्या क्लबांत (नेहमीच्या प्रवाशांसाठीच्या बक्षीस योजनांत) वळवता येतात, पण अमेरिकेची एक बाजू बिझनेसमध्ये जायला माणशी सत्तर हजारांपासून लाखाच्या वर पॉइंट्स लागतात. नोकरदार घराच्या खर्चातून तेवढे साठायला वर्षं जातात. अमेरिकेत मात्र नवं कार्ड घेतल्यावर ठरावीक खर्च केला की साठ हजारांपासून लाखभर पॉइंट्स एका फटक्यात मिळतात. भाऊ आणि वहिनी दोघांनी एकेक कार्ड घेतलं, तर आई-बाबांची एक बाजू त्यातून निघू शकते. ते पॉइंट्स एअर फ्रान्स-केएलएमच्या फ्लाइंग ब्लू, एअर कॅनडाच्या एरोप्लॅन किंवा कतार आणि ब्रिटिश एअरवेजच्या एव्हिऑस पॉइंट्समध्ये वळवून तिथून आई-बाबांच्या नावानं तिकीट काढता येतं. काही क्लबांत घरच्यांची नावं आधी नोंदवावी लागतात. कर आणि अधिभार रोखीनंच भरावे लागतात, ते कधी कधी बरेच असतात.

भावाला एक गोष्ट बजावून सांगा: आधी पॉइंट्सवर मिळणारी जागा शोधायची, दिसली की मगच पॉइंट्स वळवायचे. वळवलेले पॉइंट्स परत येत नाहीत. अशा जागा वेळापत्रक उघडतं तेव्हा, म्हणजे साधारण ११ महिने आधी, आणि मग निघायच्या शेवटच्या दोन आठवड्यांत जास्त दिसतात. शेवटच्या दोन आठवड्यांवर आई-बाबांना लटकवू नका. जाताना पैशानं काढलेलं तिकीट आणि येताना पॉइंट्सचं करायचं असेल, तर जातानाच्या वन-वेचा भाव आधी तपासा, नाहीतर एकीकडं वाचवलेलं दुसरीकडं जाईल.

निम्म्या दराबद्दल मात्र मी स्पष्ट लिहिते. बिझनेस क्लास निम्म्या दरात देणारा बहुधा दुसऱ्याचे पॉइंट्स विकत असतो. क्लबांच्या नियमांत पॉइंट्सची विक्री बसत नाही. कंपनीच्या लक्षात आलं की तिकीट रद्द होतं, कधी कधी प्रवासी काउंटरवर उभा असताना. दुसरा प्रकार यापेक्षा वाईट. एक निवृत्त गृहस्थ माझ्याकडं आले. मोबाइलवर पीएनआर होता, विमान कंपनीच्या साइटवर नाव दिसत होतं, सीट नंबरही दिसत होता. पैसे एका माणसाच्या खासगी खात्यावर गेले होते. मी तिकीट क्रमांकाची जागा बघितली तर ती कोरी. पीएनआर म्हणजे फक्त जागा राखून ठेवलेली असते, ठरलेल्या मुदतीत तिकीट निघालं नाही तर संगणक ती सोडून देतो. दोन दिवसांनी ती सुटली. त्यांनी आयुष्यभराच्या बचतीतून ते पैसे काढले होते, आणि आजही तो कोरा रकाना माझ्या डोळ्यांपुढं येतो.

म्हणून कुणाकडूनही तिकीट घ्या, माझ्याकडून घेतलंत तरी, पैसे भरल्यावर १३ आकडी ई-तिकीट क्रमांक मागा. त्याचे पहिले तीन आकडे कंपनीचे असतात: एअर इंडिया ०९८, एमिरेट्स १७६, कतार १५७, इतिहाद ६०७. तो क्रमांक विमान कंपनीच्या साइटवर किंवा फोनवर पडताळून घ्या. पावती फर्मच्या नावाची आणि पैसे फर्मच्याच खात्यात. रीतसर एजंटकडं कंपनीनं दिलेले खास भाव असतात, त्यानं दहा-पंधरा टक्के फरक पडू शकतो. निम्मा पडत नाही.

थेट विमान कंपनीच्या साइटवर काढणार असाल तर अमेरिकेचा एक नियम उपयोगी पडतो. अमेरिकेला जाणाऱ्या-येणाऱ्या प्रवासाचं तिकीट, निघायला सात किंवा जास्त दिवस असताना कंपनीकडून थेट घेतलं, तर २४ तासांत पूर्ण पैसे परत मिळतात, किंवा कंपनी तेवढा वेळ पैसे न घेता भाव राखून ठेवते. चांगला भाव दिसला की काढून टाका, रात्री घरी सगळ्यांना दाखवा, नको असेल तर सकाळी रद्द करा.

तर तुमच्या जागी मी असते तर या क्रमानं गेले असते. आज भावाला फोन करून त्याच्या पॉइंट्सचा अंदाज घेतला असता. एप्रिलच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यातले मंगळवार-बुधवार आणि सप्टेंबरच्या मधल्या तारखा घेऊन मुंबईहून एका प्रवाशाचा भाव काढला असता, आधी दोन्ही बाजू बिझनेस, मग जाताना बिझनेस आणि येताना प्रीमियम इकॉनॉमी. माझ्या अंदाजानं दुसरा आकडा माणशी तीन लाखांच्या आसपास किंवा खाली यायला हरकत नाही. आला की खुर्चीचा नकाशा, मुक्कामाची मर्यादा आणि तारीख बदलायचा दंड या तीन गोष्टी बघून लगेच काढला असता. आणखी पाच हजार उतरतील म्हणून थांबले नसते.

तारीख बदलायचा दंड का बघायचा, ते आपल्या पंचगंगेमुळं. तुमचं जाणं पावसाळ्यात नाही हे चांगलं, पण हे वाचणाऱ्या कुणाचं जुलै-ऑगस्टमध्ये असू शकतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये शिरोलीजवळ महामार्गावर पाणी आलं आणि रस्ता बंद झाला. २०१९ ला माझं एक जोडपं त्याच आठवड्यात निघणार होतं. त्यांनी वेळेवर फोन केला आणि विमान सुटायच्या आधी मी तारीख बदलली, दंड भरून तिकीट वाचलं. विमान सुटून गेल्यावर फोन आला असता तर गेलेलं तिकीट परत आणता आलं नसतं. पावसाळ्यात निघणाऱ्यांनी दोन दिवस आधी पुण्याच्या पुढं जाऊन थांबावं.

मुंबईपर्यंत गाडीनं जा, असं मी तुम्हाला सुचवेन, आणि कारण सामान. अमेरिकेच्या मार्गावर बिझनेसला बहुतेक कंपन्या माणशी ३२ किलोच्या दोन बॅगा देतात. दोघांच्या मिळून १२८ किलो. देशांतर्गत वेगळ्या तिकिटावर इकॉनॉमीत चेक-इनला साधारण १५ किलो माणशी, पुढचं प्रत्येक किलो पैसे देऊन. कांदा-लसूण चटणी, गूळ, मेतकूट, नातवंडांच्या चपला एवढं सगळं घेऊन उजळाईवाडीला गेलात तर काउंटरवरच बॅगा उघडाव्या लागतील. येताना प्रीमियम इकॉनॉमी असेल तर तिकडची मर्यादा कमी असू शकते, भावाला आधीच सांगून ठेवा. मोठी गाडी करा, आईंना मधल्या सीटवर पाय आडवा ठेवता येईल अशी, आणि दर दोन तासांनी पाच मिनिटं चालवा.

व्हीलचेअर तिकीट काढतानाच नोंदवा, तिला पैसे पडत नाहीत. तिचे तीन प्रकार आहेत. डब्ल्यूसीएचआर म्हणजे लांब चालता येत नाही पण जिना चढता येतो. डब्ल्यूसीएचएस म्हणजे जिनाही चढता येत नाही. डब्ल्यूसीएचसी म्हणजे खुर्चीपर्यंत उचलूनच न्यावं लागतं. एजंट सवयीनं पहिला प्रकार टाकतात. विमान लांब उभं असेल आणि शिडीनं चढायचं असेल तेव्हा याचा फरक कळतो. तुमच्या आईंसाठी दुसरा सांगा आणि तिकिटाच्या छापील प्रतीवर तो आलाय का बघा. बाबांना चालता येत असलं तरी त्यांना आईंच्या सोबतच न्यायला सांगा, नाहीतर दोघांची ताटातूट होते.

ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांना एवढ्या लांबच्या प्रवासाबद्दल एकदा दाखवून या. पायात रक्त गोठू नये म्हणून मोजे किंवा गोळी लागेल का ते तेच सांगतील. गुडघ्यात धातू आहे असं त्यांच्या लेटरहेडवर इंग्रजीत दोन ओळींचं पत्र घ्या, कारण सुरक्षेच्या दारात यंत्र वाजणारच. त्या पत्राच्या दोन प्रती काढून एक आईंच्या पर्समध्ये आणि एक बाबांच्या शर्टाच्या खिशात ठेवा, चेक-इनच्या बॅगेत नको.